सकाळी दहाचा आकडा

माझा नवरा जन्मभर टक्क्यांत बोलला. कॉलेजात तीस वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवल्याचा हा परिणाम, असं आमच्या ओळखीचे लोक समजत. पण आम्ही दोघं पुण्यात एका मेसमध्ये जेवत होतो तेव्हापासून मी त्याला ओळखते, आणि तेव्हाही तो असाच होता. लग्नाचं विचारायला आला तेव्हा म्हणाला, "तू हो म्हणायची शक्यता पासष्ट टक्के धरून आलोय." मी त्याला पहिल्यापासून अरे म्हणते, आणि त्याच्या नागपूरच्या आईला ते शेवटपर्यंत खटकलं. मी फार्मसिस्ट होते. दुसऱ्याच्या गोळ्या मोजण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे आकड्यांचं कौतुक मला कधीच वाटलं नाही. आकडा चुकला की माणूस मरतो एवढंच मला ठाऊक.

कॅनडात आल्यावर क्रिकेट दिसेना, म्हणून तो बेसबॉलला लागला. रिटायर झाल्यावर त्याला आणखी एक नाद जडला. इंटरनेटवर असे बाजार असतात जिथे लोक पुढे काय होणार यावर पैसे लावतात. निवडणूक, हवामान, आणि बेसबॉलच्या लीगची चँपियनशिपसुद्धा. प्रत्येक टीमसमोर एक आकडा असतो. अकरा असेल तर बाजाराच्या मते ती टीम चँपियन होण्याची शक्यता शंभरात अकरा. लोक जसजसे बाजू बदलतात तसा तो आकडा हलतो. यानं स्वतः कधी एक सेंट लावला नाही, नुसता बघायचा. "टीव्हीवरचा तज्ज्ञ खोटं बोलेल, स्वतःच्या खिशात हात घातलेला माणूस बोलणार नाही," हे त्याचं म्हणणं. दुपारच्या चहाला आमच्या शहराच्या टीमचा आकडा तो मला वाचून दाखवायचा, आणि मी हं म्हणून बिस्किट बुडवायचे. मला त्यात काडीचा रस नव्हता.

एप्रिलमध्ये, सीझन नुकताच सुरू झाला होता, तेव्हा त्याला स्ट्रोक आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. ज्या माणसाला मी पन्नास वर्षं "जरा गप्प बस रे" म्हणत आले तो गप्प बसला. दोन महिने हॉस्पिटल, मग मिसिसागाच्या आमच्या कॉन्डोत, चौदाव्या मजल्यावर, भाड्याच्या पलंगावर. त्याच्या खिडकीतून एअरपोर्टवर उतरणारी विमानं दिसतात. तो त्यांच्याकडे बघत बसे. त्याला समजत किती होतं, हे डॉक्टर नक्की सांगत नव्हते.

आता खरं सांगायची गोष्ट. जूनमध्ये, तो घरी येऊन तीन आठवडे झाले असतील, मी बाल्कनीत गेले, मागचं काचेचं दार लावून घेतलं, आणि फोन करून त्याचं नाव नर्सिंग होमच्या, म्हणजे म्हाताऱ्यांना कायमचं ठेवून घेणाऱ्या घराच्या, यादीत घातलं. मला शहात्तरावं वर्ष लागलेलं. माझा डावा खांदा निकामी आहे. त्याला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून वॉशरूममध्ये नेताना दर वेळी वाटायचं, आज दोघं पडणार. पण त्याला हे सांगायची माझी छाती झाली नाही. आईला नर्सिंग होममध्ये ठेवणाऱ्या मित्रांना या माणसानं तोंडावर सुनावलं होतं. यादी लांब होती, दोन-दोन वर्षं लागतात म्हणाले. तेवढ्यात काय ते होईल, असा मी विचार केला. कसला विचार केला ते मला माहीत आहे, आणि त्याची मला लाज वाटते.

मुलीला तेवढं सांगितलं. ती दुसऱ्या प्रांतात, लव्हालला असते. ती म्हणाली, "आई, that's the right thing. पण बाबांना सांग." मी म्हटलं, सांगते. नाही सांगितलं.

पहिला आकडा ऑगस्टमध्ये आला. सकाळी मदतीला एक पंजाबी बाई येई. ती त्याला अंघोळ घालून, कपडे बदलून साडेनऊला जाई. मग मी त्याला ओट्स भरवायला बसे. त्या दिवशी दहा वाजले होते. मी चमचा पुढे केला तर तो माझ्याकडे बघून स्वच्छ आवाजात म्हणाला, "अकरा."

माझ्या हातातला चमचा पडला. चार महिन्यांत त्याच्या तोंडून घशातल्या आवाजाखेरीज काही आलं नव्हतं. मी मुलीला फोन केला, स्पीच थेरपिस्टला फोन केला. थेरपिस्ट फार हुरळली नाही. असं होतं म्हणाली. शब्द जातात, पण लहानपणी घोकलेलं शिल्लक राहतं. प्रार्थना, शिव्या, मोजणी. तीस वर्षं इंग्रजीत गणित शिकवलेला माणूस मराठीत मोजतोय याचंही तिला नवल वाटलं नाही. पाढे ज्या भाषेत पाठ केले त्याच भाषेत आकडे राहतात म्हणे. त्याला आवडायच्या त्या गोष्टी त्याच्यासमोर ठेवत जा, असं तिनं सुचवलं.

म्हणून चहाच्या वेळी मी आयपॅडवर त्याचं ते बाजाराचं पान उघडलं. आमच्या टीमसमोर लिहिलं होतं: अकरा.

मी त्याच्यासमोर पान धरलं. त्यानं पाहिलंही नाही. तो विमानं बघत होता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तो म्हणाला, "बारा." चहाला पान उघडलं, बारा. तिसऱ्या दिवशी काही बोलला नाही. चौथ्या दिवशी चौदा, आणि बाजारातही चौदा. फार्मसीकडून फुकट मिळालेलं एक कॅलेंडर स्वयंपाकघरात होतं, त्यावर मी त्याच्या औषधांच्या वेळा आणि माझे करायचे फोन लिहीत असे. तिथंच कोपऱ्यात हे आकडे लिहू लागले. मनाला म्हटलं, थेरपिस्टला दाखवायला. मी काही देवभोळी बाई नाही. योगायोग कशाला म्हणतात ते मला कळतं. माणूस जुळलेलं लक्षात ठेवतो आणि न जुळलेलं विसरतो, हे मला नवऱ्यानंच शंभरदा ऐकवलेलं.

मग सप्टेंबरमध्ये एका सकाळी तो म्हणाला, "एकोणीस." मी लगेच पान उघडलं. तेरा होतं. माझ्या जिवात जीव आला. चला, संपलं एकदाचं, असं वाटून मी मोठ्यानं हसले. चहाला सवयीनं पुन्हा पान उघडलं. दुपारी बातमी आली होती की आमच्या मुख्य प्रतिस्पर्धी टीमच्या पिचरचं, म्हणजे त्यांच्या बॉलरचं, कोपर गेलं, तो आता सीझनभर खेळणार नाही. आमच्या टीमसमोर एकोणीस लिहिलं होतं.

तेव्हा मला भीती वाटली. त्याच्यासोबत पन्नास वर्षं काढली, त्याला मी कधी भ्याले नव्हते, आणि त्या दुपारी मला त्याच्या खोलीत चहा घेऊन जाववेना. दारात उभी राहिले. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. त्याचं डोकं सावकाश माझ्याकडे वळलं आणि तो माझ्याकडे बघत राहिला, कुणी उशिरा आलेल्याकडे बघावं तसा.

मी कोकणातली. आमच्या गावी देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या मूर्तीला दोन्ही अंगांना पाण्यानं फुलं चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे श्वास रोखून बसतात. उजवं फूल आधी पडलं तर देवाचा होकार, डावं पडलं तर नकार. सातवीत असताना मीही एकदा प्रश्न मनात धरून बसले होते: पास होईन का? डावं फूल पडलं. मी वर्गात पहिली आले. तेव्हापासून कौलावरचा माझा विश्वास उडाला, असं मी सगळ्यांना सांगते. आणि तरी त्या सप्टेंबरमध्ये मी काय केलं ते ऐका. मी दहाच्या आत अंघोळ करू लागले. त्याची खुर्ची रोज त्याच जागी, पूर्वेकडे तोंड करून ठेवू लागले. ओट्स आधी नाही, आकडा आधी. एक दिवस तर मी उदबत्ती लावली, आणि घरातला धुराचा अलार्म वाजेल म्हणून विझवली. आकडा मिळाला की मग मी त्याला भरवायची. तो भुकेला असायचा का, हे मी विचारलं नाही. देवाला भूक असते का, ते कोण विचारतं?

मदतीला येणाऱ्या बाईला मी एकदा सांगितलं, अंकल आजकाल आकडे बोलतात. तिनं माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहिलं. "आंटी, मेरे सामने तो कभी नहीं बोले. सिर्फ आप को देख के बोलते होंगे."

मला त्याचा अभिमान वाटला. जो विचारतो त्यालाच कौल मिळतो, असं मी मनाशी म्हटलं.

ऑक्टोबरात टीम प्लेऑफला पोचली. सगळ्या शहराला वेड लागलं होतं. कॉन्डोच्या लिफ्टमध्ये अनोळखी माणसं एकमेकांना आकडे सांगत. तेवीस, चोवीस. मला मात्र ते सकाळी दहालाच कळलेले असत. एकदा लिफ्टमध्ये एक गृहस्थ "ट्वेंटी-फोर" म्हणाले, आणि मी बोलून गेले, "नाही, चहापर्यंत एकतीस." त्या दिवशी मॅच नव्हती. तरी चहाच्या वेळी एकतीस झाले. त्या गृहस्थांनी नंतर मला पाहिलं की ते पुढची लिफ्ट घेत.

एकतीस आकडा त्यानं ज्या सकाळी सांगितला त्याच्या आदल्या दिवशी आम्ही वॉशरूममध्ये पडलो होतो. मी खाली, तो माझ्या अंगावर. मला त्याला बाजूला करता येईना आणि फोन बाहेर राहिलेला. आम्ही फरशीवर तसेच पडून राहिलो. त्याचा श्वास माझ्या कानाला लागत होता. शेवटी शेजाऱ्यांनी माझ्या हाका ऐकून खालच्या सिक्युरिटीवाल्याला बोलावलं, आणि त्यानं दार उघडलं. मी संध्याकाळी बाल्कनीत गेले, दार लावलं, नर्सिंग होमच्या ऑफिसला फोन करून रडले. त्या बाईंनी आमची केस वरच्या यादीत टाकली. माझा खांदा नंतर दोन आठवडे हलत नव्हता, पण कॅलेंडरवर एकतीस लिहायला मी विसरले नाही.

टीम फायनल सिरीजला गेली. सातपैकी चार मॅच जिंकायच्या. तीन-तीन झाले. सातवी मॅच संध्याकाळी होती. बाजार चोपन्नावर होता, म्हणजे जवळपास नाणेफेक. मी सकाळी त्याच्यासमोर बसले. हात जोडले नव्हते एवढंच. दहा वाजले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरलेले होते, पण स्ट्रोकनंतर त्याचे डोळे असेच भरत, म्हणून मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

"शंभर," तो म्हणाला.

मी आनंदानं ओरडले. मुलीला फोन लावला. "जिंकणार! बाबा शंभर म्हणाले!"

"आई, स्टॉप इट," ती म्हणाली. "ते नुसतं मोजतायत. You're scaring me, तुला कळतंय का?"

मी तिच्यावर चिडून फोन ठेवला आणि शिरा करायला घेतला. रवा भाजत असतानाच फोन वाजला. मला वाटलं तीच. नर्सिंग होमच्या ऑफिसच्या बाई होत्या. स्कारबरोच्या एका होममध्ये बेड रिकामा झाला होता. चोवीस तासांत हो किंवा नाही कळवा. नाही म्हटलंत तर यादीतून नाव निघेल. घड्याळात अकरा वाजले होते.

मी रवा करपू दिला. मग त्याला भरवलं. काय भरवलं आठवत नाही. त्या संध्याकाळी खालून, वरून, सगळ्या बाल्कन्यांतून लोकांचा आरडाओरडा ऐकू येत होता. मी टीव्ही लावला नाही. मला निकालाची गरजच नव्हती. मी बसून स्कारबरोला जायला किती वेळ लागेल ते काढत होते. आधी बस, मग ट्रेन, पुन्हा बस. जायला दोन तास.

सकाळी आयपॅड उघडला. टीम हरली होती. तिच्यासमोर शून्य होतं.

 मग मला आठवलं की बाजारात शंभर असा आकडा निकाल लागल्यावरच येतो. त्याआधी अठ्ठ्याण्णव येईल, नव्व्याण्णव येईल. शंभर म्हणजे ठरलं. हे त्याला माझ्यापेक्षा हजारपट ठाऊक होतं. आदल्या सकाळी दहाला काय ठरलं होतं? मॅच तर व्हायची होती.

मी कॅलेंडर भिंतीवरून काढून टेबलावर पसरलं. अकरा: त्या सकाळी मी नर्सिंग होमच्या ऑफिसला पहिल्यांदा, यादी कुठवर आली, असं विचारायला फोन केला होता. एकोणीस: त्या दिवशी नर्सिंग होमच्या ऑफिसकडून एक बाई त्याची तपासणी करायला घरी यायची होती, आणि ती विम्याच्या ऑफिसमधून येतेय असं मी त्याला सांगितलं होतं. एकतीस: वॉशरूम. त्याच्या औषधांच्या वेळांच्या शेजारी माझ्याच अक्षरात, तारखा आणि माझे फोन, सगळं लिहिलेलं होतं. तो ज्याची शक्यता सांगत होता ती टीमची नव्हती. मी त्याला पाठवण्याची होती. तो रोज सकाळी माझ्या तोंडाकडे बघून सांगत होता, आणि मी ते घेऊन लिफ्टमध्ये मिरवत होते.

मग बाजार त्याच्याबरोबर का हलत होता?  शेवटच्या दिवसापर्यंत ते दोन्ही आकडे एकमेकांना धरून चालले. कोण कुणाच्या मागे चाललं होतं ते मला कळलेलं नाही, आणि आता मी त्याचा विचार करायचं टाळते. तसं केलं की मानेवर गार हात ठेवल्यासारखं वाटतं.

मदतीची बाई गेल्यावर मी खोलीत गेले. दहा वाजले होते. त्या दिवशी मी आकड्याची वाट पाहिली नाही. आधी त्याला ओट्स भरवले, गरम, वर थोडा गूळ घालून, त्याला आवडतात तसे. त्यानं सगळे खाल्ले. त्याला एवढी भूक होती हे पाहून मला रडू आलं.

"ऐक," मी म्हटलं. "मी तुझं नाव जूनमध्येच यादीत घातलं. तुला सांगितलं नाही. मी घाबरट आहे. मला आता तुला उचलवत नाही रे. त्या दिवशी फरशीवर मला वाटलं, आपण दोघं इथंच संपणार. त्यांना अकराच्या आत उत्तर हवंय. तू नको म्हणालास तर मी नाही सांगते. शप्पथ. कसं तरी करू."

एक विमान खिडकीतून सरकत गेलं. तो त्याच्याकडे बघत नव्हता. मी आकडा येईल म्हणून अंग चोरून बसले होते. आकडा आला नाही. त्यानं डावा हात उचलला. त्या हातालाही ताकद कमी होती. माझा फोन टेबलावर होता. त्यानं बोटांनी तो ढकलला, थांबला, पुन्हा ढकलला, माझ्या हाताला लागेपर्यंत.

मी फोन लावला. ऑफिसच्या बाईंनी त्याचं नाव, जन्मतारीख, माझं नातं, सगळं विचारलं. मी हो म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "अँड हॅज युअर हजबंड बीन टोल्ड?"

त्याचा डावा हात माझ्या हातात होता. मी इंग्रजीत सांगितलं की हो, त्याला माहीत आहे. माझ्या आधीपासून.